खांदेरी-उंदेरी : मुंबईच्या वेशीवरील जोडदुर्ग

फ्रान्सच्या मार्सेय बंदराचे नाव मराठी वाचकांना परिचित आहे, ते १९१० साली स्वातंत्र्यवीर सावरकरांनी तेथे समुद्रात घेतलेल्या उडीमुळे. याच बंदरासमोर भूमध्य समुद्रात फ्रिऊल हा छोटा द्वीपसमूह आहे. त्यातील इफ बेटावरील सोळाव्या शतकातील किल्ला पाहण्यासाठी पर्यटकांची गर्दी लोटते. मुंबई बंदराच्या दक्षिणेस, अलिबागजवळील थळ गावासमोरही खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे आहेत. इतिहासाच्या दृष्टीने ती तसूभरही उणी नाहीत. मात्र तेथे पाऊल ठेवलेले मुंबईकर आजही थोडेच आढळतील.

तीन सत्तांचा संघर्ष

जंजिऱ्याच्या सिद्दीची गलबते पावसाळ्यात मुंबईत आश्रय घेत आणि मराठी मुलखाला उपद्रव देत. इंग्रज त्यांना अटकाव करीत नसत. सिद्दी आणि इंग्रज या दोघांवरही नजर ठेवता येईल, असे ठाणे म्हणजे खांदेरी. शिवाजी महाराजांचा १६७२ मधील पहिला प्रयत्न विरोधामुळे थांबला. ऑगस्ट १६७९ मध्ये मायनाक भंडारी यांनी माणसे आणि सामग्री घेऊन बेटावर तटबंदीच्या कामास प्रारंभ केला, तेव्हा मुंबईत खळबळ उडाली.

इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. सप्टेंबरात बेटावर उतरू पाहणारा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर चाल केली आणि त्यांची ‘डव्ह’ ही गुराब पकडली. कॅप्टन मिंचिन आणि केग्विन यांच्या ‘रिव्हेंज’ या जहाजाने मात्र तोफांच्या बळावर मराठी गलबतांना मागे रेटले. त्या दिवशीचा विजय कोणाचा, यावर मतभेद संभवतात. परिणामाविषयी ते संभवत नाहीत. उथळ पाण्यात चालणाऱ्या, वल्ह्यांच्या हलक्या होड्या रात्रीच्या अंधारात बेटावर रसद पोहोचवीत राहिल्या. खोल तळाच्या इंग्रजी जहाजांना त्यांचा पाठलाग करता येईना. अखेर जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तह केला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

सिद्दीने यावर तोडगा काढला. त्याच महिन्यात त्याने शेजारच्या उंदेरीवर तोफा चढवून तटबंदी सुरू केली. दौलतखानाचा तेथील हल्ला यशस्वी झाला नाही. परस्परांच्या तोफांच्या धाकात हे दोन किल्ले त्यानंतर दीर्घकाळ उभे राहिले. पुढे खांदेरी कान्होजी आंग्रे यांच्या ताब्यात आली. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने तिच्यावर केलेली मोहीम फसली. उंदेरी मराठ्यांच्या हाती लागली ती १७५९ मध्ये.

काय पाहाल?

खांदेरीवर दोन टेकड्या असून तटबंदी बेटाच्या कडेने फिरते. तटाबाहेर मोठमोठे धोंडे टाकले आहेत. त्यांच्यावर लाटांचा जोर मोडतो आणि धारदार कालवांमुळे शत्रूला त्यावरून चढणेही अवघड होई. गाड्यांवर चढविलेल्या तोफा, ठोकल्यावर धातूसारखा नाद देणारा दगड आणि १८६७ मध्ये उभारलेले दीपगृह ही येथील वैशिष्ट्ये होत. दीपगृहावरून उंदेरी स्पष्ट दिसते. परिसरातील कोळी बांधवांचे श्रद्धास्थान असलेला वेताळ याच बेटावर आहे. पूजेसाठी येणाऱ्या या दर्यावर्दींमुळेच, किल्ल्याचे लष्करी महत्त्व संपल्यावरही बेटाची वाट मोडली नाही.

उंदेरी आकाराने लहान, परंतु अधिक रांगडी आहे. बुरूज, पाण्याची टाकी आणि झुडुपांत विखुरलेल्या तोफा तेथे दिसतात. धक्का नसल्याने भरतीची वेळ साधूनच उतरावे लागते.

कसे जाल?

गेटवे ऑफ इंडियावरून लाँचने मांडवा आणि तेथून रस्त्याने थळ गाठता येते. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सेवाही आहे. थळच्या किनाऱ्यावरून मच्छीमारांच्या होडीने बेटांवर जाता येते. पावसाळ्यात हा प्रवास टाळावा. भरती-ओहोटीची वेळ आणि प्रवेशाचे नियम यांची आधी चौकशी करावी. पिण्याचे पाणी सोबत न्यावे.

खांदेरीला १९९८ मध्ये ‘कान्होजी आंग्रे बेट’ असे नाव देण्यात आले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात खांदेरीचा समावेश आहे, उंदेरीचा नाही. एका किल्ल्याची उभारणी दुसऱ्यामुळे झाली, हे ध्यानात घेतल्यास दोघांचे जतन एकत्रच व्हावयास हवे. खांदेरीचा पराक्रम समजून घ्यावयाचा असेल, तर समोरची उंदेरीही शाबूत राहिली पाहिजे.