दगडाचा इतिहास कानाने शिकावा



आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. वास्तुकलेवर बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच, की बांधकाम मजुरांच्या संघटनेत आमची हयात गेली. आणि ज्यांच्या हातांनी इमारती उभ्या राहतात त्यांना इमारतींचा इतिहास कोणी सांगत नाही, हे आम्हांला सतत सलत आले आहे.

संघटनेच्या अभ्यासवर्गात आम्ही हा खटाटोप करून पाहिला. गोल कमान, टोकदार कमान, घुमट अशी चित्रे दाखवली, सनावळ्या सांगितल्या. दिवसभर घमेली वाहून आलेली मंडळी पेंगू लागली. दोष त्यांचा नव्हता, आमचा होता. पुढच्या खेपेस आम्ही चित्रांआधी गाणे ऐकवले, आणि वर्ग जागा झाला.

पहिले गाणे युरोपातील मठांतले, ग्रेगोरियन. एकच चाल, सर्वांनी मिळून, वाद्याविना, संथपणे म्हणायची. एक म्हातारे गवंडी म्हणाले, “हे दगडी छताखालचं गाणं. पत्र्याखाली असं घुमायचं नाही.” मग आम्ही अकराव्या-बाराव्या शतकांतील रोमनेस्क चर्चची चित्रे काढली : जाड भिंती, लहान खिडक्या, गोल कमानी, वर दगडी छत. अशा जागी शब्द लवकर विरत नाही. पाठोपाठ दुसरा घाईने टाकला, तर दोहोंचा गोंधळ होतो. म्हणून संथ चाल तेथे शोभते. ही चाल त्या इमारतींहून जुनी आहे. इमारतीने ती जन्मास घातली असे मात्र म्हणू नये.

पुढे पॅरिसचे नोत्र दाम. त्याचे काम ११६३ च्या सुमारास सुरू झाले. टोकदार कमानी आणि बाहेरून दिलेले कमानदार धिरे यांनी भार पेलला. त्यामुळे खिडक्या मोठ्या झाल्या आणि छत सुमारे ३३ मीटरांवर गेले. तेथल्याच परंपरेत १२०० च्या सुमारास पेरोतँ याने चार आवाजांच्या रचना केल्या. खालचा आवाज जुन्या चालीतला एकेक स्वर कितीतरी वेळ धरून ठेवतो, आणि त्याच्या आधारावर वरचे तीन आवाज खेळत राहतात. खालचा खांब आणि वरच्या फासळ्या कोणत्या, हे वर्गाला सांगावे लागले नाही. पेरोतँचे नाव ज्याने टिपून ठेवले, त्या लेखकाचे स्वतःचे नाव मात्र कोणालाच ठाऊक नाही. आमच्या मंडळींना ही गोष्ट फार जवळची वाटली.

तिसरे गाव फ्लोरेन्स. ब्रुनेलेस्कीने तेथला प्रचंड घुमट जमिनीपासून लाकडी आधार न उभारता चढवला. २५ मार्च १४३६ रोजी त्या कॅथेड्रलचा अर्पणविधी झाला, तेव्हा द्युफाय याची खास रचना गायली गेली. तिच्या चार भागांचे प्रमाण ६ : ४ : २ : ३ असे आहे. हे माप त्या वास्तूचेच, असे एका अभ्यासकाने १९७३ साली मांडले. १९९४ साली दुसऱ्याने ते खोडून काढले आणि ते प्रमाण बायबलमधील सॉलोमनच्या मंदिराशी जोडले. तात्पर्य, गाणे आणि वास्तू यांची सोयरीक जुळवताना मोजपट्टी हाती असावी. त्याच घुमटाची आणखी एक हकीकत ब्रुनेलेस्कीच्या जुन्या चरित्रांत आहे. गवंड्यांनी वाढीव मजुरीसाठी काम थांबवले. त्याने बाहेरची माणसे शिकवून तयार केली आणि जुन्यांना कमी मजुरीवर परत घेतले. हे वाचून दाखवले तेव्हा वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही.

शेवटी मुंबई. १८७८ ते १८८८ या काळात उभे राहिलेले व्हिक्टोरिया टर्मिनस, आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, याच्या टोकदार कमानी गॉथिक वळणाच्याच. पण तेथे पेरोतँचे गाणे नाही. तेथे गाड्यांची घोषणा आणि पावलांचा आवाज आहे. शैली समुद्र ओलांडून आली, तिचे गाणे मागे राहिले. साम्राज्याच्या इतिहासाचा एवढा सोपा धडा आम्हांला दुसरीकडे सापडला नाही.

नोत्र दाम १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले. तेथला नाद २०१३ साली मोजून ठेवलेला होता, म्हणून तो कसा होता हे आज सांगता येते. डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडले. सुतार आणि पाथरवट यांनी ते पुन्हा उभे केले. आपल्या गावात चुना आणि दगड यांनी बांधलेली देवळे, मशिदी, वाडे आहेत. ते पाडले की त्यांचा नादही जातो, आणि तो कोणत्याही नकाशात उतरलेला नसतो. तेव्हा मुलांना सनावळी घोकायला लावण्याआधी एकदा त्या छताखाली उभे करा, एक सूर लावायला सांगा, आणि तो विरेपर्यंत गप्प राहा. मग विचारा, हे छत कोणी बांधले?