आपले दान, आपल्या शाळा आणि मुलांचे श्रद्धासंवर्धन

रविवारच्या पवित्र मिस्सामध्ये अर्पणविधीच्या वेळी दानाची थैली आपल्यासमोर येते. आपण तीत यथाशक्ती काही घालतो आणि थैली पुढे सरकते. ते दान पुढे कोठे जाते, कोणाच्या उपयोगी पडते आणि त्याचा हिशेब कोण देतो, हे प्रश्न अनेक भाविकांच्या मनात असतात. पण ते विचारण्याचा संकोच वाटतो. कॅथोलिक शिक्षण आणि श्रद्धासंवर्धन या दोन कार्यांपुरती या प्रश्नांची उत्तरे आम्ही येथे मांडत आहोत. त्यासाठी पुणे धर्मप्रांतातील महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर आम्ही नजरेसमोर ठेवला आहे, कारण दानाची गरज आणि दानाची अडचण या दोन्ही गोष्टी तेथे स्पष्ट दिसतात.

डोंगरावरचा लहान समुदाय

इंग्रजी अमलात महाबळेश्वर ही मुंबई इलाख्याची उन्हाळी राजधानी होती. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावावरून तेथील वसाहतीला माल्कम पेठ हे नाव पडले. महाबळेश्वरचे होली क्रॉस चर्च आजही भाविकांना व पर्यटकांना परिचित आहे. तेथून सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या पाचगणीत 'डॉटर्स ऑफ द क्रॉस' या संघाच्या धर्मभगिनींनी १८९५ साली सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट शाळा सुरू केली. बेल्जियममधील लिएज येथे धन्य मारी तेरेज हाझ यांनी १८३३ साली या संघाची स्थापना केली होती. १८६२ साली या धर्मभगिनी भारतीय उपखंडात आल्या, आणि पुढे तेहेतीस वर्षांनी सह्याद्रीच्या माथ्यावर त्यांची शाळा उभी राहिली. दूरदेशीच्या भाविकांनी दिलेले दान आणि धर्मभगिनींनी वाहिलेले आयुष्य यांच्या संयोगातूनच अशा संस्था उभ्या राहिल्या, हे आपण विसरू नये.

अशा थंड हवेच्या ठिकाणच्या धर्मग्रामाचे गणित मात्र वेगळे असते. एप्रिल-मे महिन्यांत, दिवाळीच्या सुटीत आणि नाताळात पाहुण्या भाविकांनी मंदिराची बाके भरतात आणि दानाची थैलीही जड होते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पाहुणे उतरून जातात. धुके, निसरडे रस्ते आणि सतत कोसळणारा पाऊस यांत मागे राहतात ती स्थानिक कुटुंबे : शाळांतील कर्मचारी, हॉटेलांत व बंगल्यांवर काम करणारे, छोटा व्यवसाय करणारे. शाळेचे वर्ष नेमके याच काळात सुरू होते. वह्या, गणवेश, शुल्क यांचा खर्च जूनमध्ये उभा राहतो आणि धर्मशिक्षणाचे वर्गही तेव्हाच भरू लागतात. म्हणजे गरज मोठी असते तेव्हाच मिळकत कमी असते. वर्षातून दोनदा येणाऱ्या मोठ्या दानापेक्षा बारा महिने येणाऱ्या लहान दानाचे मोल अधिक का, हे येथे सहज समजते.

लहान दानाची मोठी परंपरा

हा विचार नवा नाही. करिंथ येथील ख्रिस्ती जनांनी आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवावे, असे संत पौलाने आपल्या पहिल्या पत्रात सुचविले होते (१ करिंथ १६:२). मंदिराच्या भांडारात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची कथा (मार्क १२:४१-४४) तर आपल्या मुलांनाही ठाऊक आहे.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील लिओं शहरात पोलिन जॅरिको या तरुणीने रेशीमकाम करणाऱ्या कामगारांमध्ये दहा-दहा जणांचे गट केले. प्रत्येकाने प्रार्थना करावी व आठवड्याला एक नाणे द्यावे, एवढीच अट होती. त्यातून १८२२ साली श्रद्धाप्रसार संस्था जन्माला आली. २२ मे २०२२ रोजी, म्हणजे बरोबर दोनशे वर्षांनी, पोलिन जॅरिको यांना लिओं येथे धन्य घोषित करण्यात आले. १८४३ साली बिशप फोर्बिन-जान्सन यांनी मुलांनी मुलांसाठी द्यावयाच्या दानाची 'पवित्र बाल्य' ही संस्था सुरू केली. १८८९ साली जान बिगार व तिची आई स्टेफनी यांनी तिसरी संस्था काढली. पैशांअभावी गुरुविद्यार्थ्यांना परत पाठवावे लागते, असे जपानमधील नागासाकीच्या बिशपांनी त्यांना कळविले होते. त्या एका पत्रातून स्थानिक धर्मगुरूंच्या प्रशिक्षणासाठी संत पेत्र प्रेषित संस्था उभी राहिली.

या परंपरेचा आपल्या धर्मप्रांताशी थेट संबंध आहे. परमगुरुस्वामी लिओ तेरावे यांनी १८८६ साली भारतातील धर्मप्रांतांची रचना केली. पुणे धर्मप्रांत त्याच वर्षीचा. १८९३ साली त्यांनी भारतातील धर्मगुरू भारतीयांमधूनच घडावेत असा आग्रह धरणारे परिपत्रक काढले, त्यासाठी जगभरच्या भाविकांना दानाचे आवाहन केले, आणि श्रीलंकेतील कँडी येथे पेपल सेमिनरी सुरू झाली. १९५५ साली ती पुण्यात आली. आज पुण्यात शिकून दीक्षा घेणाऱ्या धर्मगुरूंच्या मागे कोणा अनोळखी गृहिणीचे, कोणा विणकराचे नाणे उभे आहे.

मराठी मुलखातील धडा

१८७८ साली येशूसंघीय फादर ओट्टो वाईसहाउप्ट यांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात केंदळ येथे कार्य आरंभिले. त्यानंतर वळण, संगमनेर अशी केंद्रे वाढत गेली. गावोगावच्या छोट्या शाळांतील मास्तर दिवसा मुलांना अक्षरे शिकवीत आणि संध्याकाळी प्रार्थना व धर्मप्रश्नोत्तरे घेत. शिक्षण व श्रद्धा एकाच ओसरीवर नांदत होती. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केले. साक्षर झालेल्या घरात वाचायला काही हवे, ही त्यामागची दृष्टी होती. पुढे १९०७ साली तेच पुण्याचे बिशप झाले.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मन धर्मगुरूंना सरकारने अटकावून ठेवले व मायदेशी धाडले. कार्य बंद पडले नाही, परंतु हातांची आणि साधनांची मोठी ओढाताण झाली. परदेशी मनुष्यबळावर व परदेशी पैशांवर उभे असलेले काम ती वाट अडली की अडते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

आज तो पुन्हा आठवण्याचे कारण आहे. परदेशी देणग्यांविषयीचा २०१० चा कायदा २०२० साली अधिक कडक झाला. परदेशी दान दिल्लीतील एका ठरावीक बँकशाखेतील खात्यातच प्रथम घ्यावे लागते, ते दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली. कायदा पाळणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु लहान धर्मग्रामांनी आता स्थानिक दानाचाच आधार धरला पाहिजे, हेही तितकेच खरे.

शाळा आहे, तरी दान कशासाठी?

हा प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो. कॅथोलिक शाळा शुल्क घेते, काही शाळांना सरकारी अनुदान मिळते. मग आणखी दान कशाला? याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण कायद्याचे. भारतीय संविधानाच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना शाळा स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला आहे. मात्र २८ व्या अनुच्छेदानुसार मान्यताप्राप्त अथवा अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसविता येत नाही. ही तरतूद न्याय्य आहे. आपल्या शाळांत सर्व धर्मांची मुले शिकतात आणि त्यांच्या श्रद्धेचा मान राखणे हे आपले ब्रीद आहे. परंतु याचा अर्थ असा की कॅथोलिक शाळेत मूल घातले म्हणजे त्याचे धर्मशिक्षण आपोआप झाले, असे नाही. त्याचा वेगळा वर्ग, वेगळा शिक्षक आणि वेगळा खर्च असतो.

दुसरे कारण गरिबीचे. शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा राखल्या. परंतु तो कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून हा विषय मोठ्या पीठाकडे सोपविण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. न्यायालयात काहीही ठरो, कायदा भाग पाडत नाही म्हणून गरीब मुलाला दार बंद, असे आपण म्हणू शकत नाही. त्यातच अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलित बांधवांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, आणि त्या दर्जासोबतच्या शिष्यवृत्त्याही मिळत नाहीत. आपल्या मराठी कॅथोलिक समाजातील कितीतरी कुटुंबांना याची झळ बसते. डोंगरावरच्या निवासी शाळांचे शुल्क एखाद्या हॉटेल कामगाराला परवडणारे नसते. घंटेचा आवाज घरात ऐकू यावा, पण त्या शाळेत आपले मूल जाऊ नये, ही वेदना दानातून उभ्या राहिलेल्या शिष्यवृत्तीनेच कमी होऊ शकते.

तिसरे कारण भाषेचे. मूल इंग्रजी माध्यमात शिकते, घरी मराठी बोलते आणि आजीची प्रार्थना त्याला कळेनाशी होते. मराठीतील धर्मशिक्षणाची पुस्तके, गीते व मुलांसाठीचे शुभवर्तमान यांचे वाचक थोडे आहेत, म्हणून छपाई महाग पडते. केवळ विक्रीवर ही पुस्तके निघू शकत नाहीत. त्यांनाही दानाचा हात लागतो.

दानाचे हिशेब

समजा, एखाद्या लहान धर्मग्रामात ४० कुटुंबे आहेत व प्रत्येक कुटुंबाने श्रद्धासंवर्धन निधीसाठी आठवड्याला ५० रुपये दिले. ५२ आठवड्यांत १,०४,००० रुपये जमतील. धर्मशिक्षकाला महिना ५,००० रुपये मानधन द्यायचे ठरविले तर वर्षाचे ६०,००० रुपये होतात. उरलेल्या ४४,००० रुपयांत पुस्तके, पावसाळ्यात दूरच्या वाड्यांवरील मुलांना आणण्याचा वाहनखर्च आणि प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्या मुलांचे तयारी-शिबिर बसविता येईल. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, परंतु आपापल्या धर्मग्रामाचे आकडे घालून असे गणित जरूर मांडावे. परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी मे २०२१ मध्ये धर्मशिक्षकाच्या सेवेला अधिकृत सेवापदाचा दर्जा दिला. ज्या सेवेला ख्रिस्तसभा एवढा मान देते, तिला निदान प्रवासखर्चाची तरी चिंता नसावी.

दात्याचे कर्तव्य व दात्याचे हक्क

ख्रिस्तसभेच्या गरजांना साहाय्य करणे हे भाविकांचे कर्तव्य असल्याचे १९८३ च्या धर्मसंहितेचा २२२ वा नियम सांगतो. कॅथोलिक शाळांच्या स्थापनेला व निर्वाहाला भाविकांनी यथाशक्ती हातभार लावावा, असे ८०० व्या नियमात आहे. हे आपणांस बहुधा ऐकून माहीत असते. दात्याच्या हक्काचे नियम मात्र कमी ऐकू येतात, म्हणून ते आम्ही येथे देत आहोत :

१. विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी खर्च झाले पाहिजे (नियम १२६७). शिष्यवृत्तीसाठी दिलेला पैसा छप्पराच्या दुरुस्तीला वापरता येत नाही.

२. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावी व प्रमुख धर्मगुरूंना तिने साहाय्य करावे (नियम ५३७).

३. भाविकांनी अर्पण केलेल्या धनाचा हिशेब भाविकांना दिला जावा (नियम १२८७).

याशिवाय नोंदणीकृत सार्वजनिक न्यास राज्याच्या कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांना लेखापरीक्षित हिशेब सादर करतात. म्हणून दान देताना हेतू लिहून द्यावा, पावती घ्यावी आणि वार्षिक हिशेबाच्या सभेला आवर्जून उपस्थित राहावे. हिशेब विचारणे म्हणजे धर्मगुरूंवर अविश्वास दाखविणे नव्हे. ज्या धर्मग्रामात हिशेब मंदिराच्या फलकावर लागतो, तेथे देणाऱ्याचा हात अधिक मोकळा होतो.

विशेष दानाचे दिवस

काही दाने धर्मग्रामात राहत नाहीत, हेही भाविकांनी लक्षात घ्यावे. परमगुरुस्वामी पायस अकरावे यांनी १९२६ साली विश्व मिशन रविवार ठरवून दिला. ऑक्टोबरच्या उपान्त्य रविवारी जमणारे दान सर्व देशांतून एकत्र होऊन गरजू धर्मप्रांतांना वाटले जाते. शुभ शुक्रवारचे दान पवित्र भूमीसाठी असते. संत पेत्र व संत पौल यांच्या सणाच्या सुमारास परमगुरुस्वामींच्या सेवाकार्यासाठी दान गोळा होते. एकेकाळी याच वाटेने इतरांचे दान आपल्याकडे आले. आता आपणही त्या साखळीतील कडी आहोत.

शेवटी

आपल्या मुलांचे पहिले धर्मशिक्षक आईवडीलच आहेत. घरातील सायंप्रार्थनेची जागा कोणतीही देणगी घेऊ शकत नाही. परंतु घरात लावलेली वात जपायला धर्मग्राम लागतो, शाळा लागते आणि एक चांगला शिक्षक लागतो. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीची रोपे पावसाळा सरताना लावतात आणि फळे हिवाळ्यात हाती येतात. मुलाच्या मनात रुजविलेल्या श्रद्धेला त्याहून कितीतरी अधिक वाट पाहावी लागते. आज पन्नास रुपये देणाऱ्याला ते फळ पाहायला मिळेलच असे नाही. लिओंच्या विणकरांनीही पुण्याचे गुरुविद्यालय पाहिले नव्हते. तरी त्यांनी दर आठवड्याला आपले नाणे बाजूला ठेवले.

येत्या रविवारी थैली आपल्यासमोर येईल तेव्हा आपण हे स्मरावे, आणि जूनमध्ये वर्ग सुरू होतील तेव्हाही विसरू नये, ही आमची नम्र विनंती.