डबेवाले : कार्यसंस्कृती आणि वारकरी मूल्ये

मुंबई आणि ठाणे-कल्याण पट्ट्यातील घरचे जेवण नोकरदाराच्या कचेरीपर्यंत पोचवणारा कामकऱ्यांचा समुदाय. धर्मश्रद्धा आणि कामाची शिस्त यांचा संबंध तपासायला महाराष्ट्रात याहून परिचित उदाहरण नाही. ही सेवा १८९० मध्ये महादेव हवाजी बच्चे यांनी सुरू केली. बहुतेक डबेवाले खेड, मावळ, जुन्नर, आंबेगाव, अकोले या तालुक्यांतले आणि घरचे वारकरी. भुकेल्याला वेळेवर जेवण देणे हे पुण्यकर्म, अशी त्यांची धारणा असते.

मात्र धारणेने डबा पोचत नाही. सकाळी घरोघरचे डबे गोळा होतात, स्थानकावर झाकणावरच्या रंगीत खुणा पाहून त्यांची वाटणी होते, लोकलच्या लगेजच्या डब्यातून ते मुंबईत उतरतात, तिथे पुन्हा वाटणी होऊन दुपारच्या सुट्टीआधी टेबलावर येतात. रिकामा डबा संध्याकाळपर्यंत घरी. एका हाताची चूक पुढच्या तिघांना निस्तरावी लागते. साधारण वीस-पंचवीस जणांचा गट, त्यावर अनुभवी मुकादम, आणि खर्च वजा जाता उरलेल्या मिळकतीत सारख्या वाट्याची रीत. कामावर दारू प्यायल्यास किंवा पांढरी टोपी न घातल्यास दंड. नवा माणूस सहसा नात्यातला किंवा गावातला. त्यामुळे इथली नाचक्की गावापर्यंत पोचते. वारकरी पंथाची समता आणि निर्व्यसनीपणाची शिकवण अशी थेट हिशेबात आणि दंडात उतरली आहे. श्रद्धेला हा आधार नसता, तर ती भजनापुरती उरली असती. याची दुसरी बाजूही आहे: नात्यागोत्यावर उभी राहिलेली भरती परक्याला सहज आत घेत नाही.

१९९८ मध्ये ‘फोर्ब्स’ या नियतकालिकाने डबेवाल्यांच्या अचूकतेची दखल घेतली. त्यातून ‘सिक्स सिग्मा’ या गुणवत्तेच्या प्रमाणपत्राची दंतकथा व्याख्यानांतून फिरू लागली. तसे प्रमाणपत्र त्या नियतकालिकाने दिलेले नव्हते. हार्वर्ड बिझनेस स्कूलनेही पुढे या व्यवस्थेवर प्रकरण-अभ्यास प्रसिद्ध केला. कंपन्यांनी डबेवाल्यांना भाषणाला पुष्कळ बोलावले. सारख्या वाट्याची रीत मात्र फारशी कोणी उचलली नाही.

गावच्या जत्रेसाठी वर्षातून काही दिवस सेवा बंद असते आणि गिऱ्हाइके ते गृहीत धरतात. मार्च २०२० च्या कोविड टाळेबंदीत मात्र लोकल आणि कचेऱ्या दोन्ही थांबल्या. अनेक डबेवाले गावी परतले, काहींनी दुसरी कामे धरली. घरून काम करण्याची पद्धत रुळल्यावर डब्यांची मागणी पूर्वीइतकी राहिली नाही.