योकुकान्सान

योकुकान्सान : जपानच्या काम्पो वैद्यकातील सात घटकांचे औषध. नावाचा अर्थ ‘यकृताला आवर घालणारे चूर्ण’. चिडचिड व क्रोध यांचे मूळ या परंपरेत यकृतात मानतात. चेतापेशींच्या रक्षणाच्या दृष्टीने हे बरेच अभ्यासले गेले आहे.

इतिहास : मूळ पाठ सोळाव्या शतकातील चिनी वैद्य श्वे काय यांच्या बालरोगविषयक ग्रंथात आढळतो. मुलांचे झटके व रात्रीचे रडणे यांवर ते सांगितले असून मुलासह आईनेही घ्यावे, असा निर्देश आहे.

घटक : चोतोको (आकड्यासारखे वाकडे काटे असलेली वेल), साइको, तोकी, सेनक्यू, सोजुत्सू (या चारही वनौषधी), बुकुर्‍यो (पाइनच्या मुळांवरील बुरशी) व ज्येष्ठमध. आज काढ्याचा अर्क दाणेदार रूपात पुड्यांतून मिळतो.

चेतापेशींचे रक्षण : ग्लुटामेट हा मेंदूतील संदेशवाहक पेशींबाहेर साचला, की चेतापेशींत कॅल्शियम बेसुमार शिरते व त्या मरतात. एरवी शेजारच्या तारकापेशी (ॲस्ट्रोसाइट) जादा ग्लुटामेट शोषून घेतात. थायामिन या जीवनसत्त्वाच्या अभावी मंदावलेले हे शोषण योकुकान्सानने सुधारल्याचे संवर्धित तारकापेशींत दिसले. ग्लुटामेटच्या माऱ्याने पेशींतील ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य घटते. संवर्धित पेशींत हा ऱ्हास व पेशीमृत्यू या औषधाने कमी झाले. त्यात चोतोकोतील अल्कलॉइडांचा वाटा मोठा आढळला. त्यांपैकी गाइसोशिझीन मिथाइल ईथर तोंडावाटे औषध दिलेल्या उंदरांच्या मेंदूत पोहोचल्याचे आढळले असून ते सेरोटोनिनच्या एका ग्राहीवरही कार्य करते. या निष्कर्षाचे मोल मोठे आहे : पोटात घेतलेल्या औषधातील द्रव्य मेंदूपर्यंत जाते.

रुग्णांवरील अभ्यास : २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी चाचणीत स्मृतिभ्रंशाच्या ५२ रुग्णांचा समावेश होता. औषध घेणाऱ्यांत भास, अस्वस्थता व आक्रमकता कमी झाली. बौद्धिक क्षमतेत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. अल्झायमरच्या रुग्णांवरील आभासी औषधाशी तुलना करणाऱ्या पुढील एका चाचणीत एकूण लक्षणांत लक्षणीय फरक दिसला नाही. वर्तनातील सुधारणा म्हणजे पेशी वाचल्याचा पुरावा नव्हे.

दक्षता : ज्येष्ठमधामुळे रक्तातील पोटॅशियम घटून सूज, रक्तदाबवाढ व स्नायूंची दुर्बलता संभवते. वृद्धांत पोटॅशियमची तपासणी टाळू नये.

वापर : जपानमध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्यात समाविष्ट.