नशेतला दोस्त, शुद्धीतला मालक

श्रीमंतांची खिल्ली उडवणारे विनोदी सिनेमे आपल्या सगळ्यांनाच आवडतात. पण ही खिल्ली उडवणारा कोणाच्या बाजूने उभा आहे, हे आपण क्वचितच विचारतो. आमच्या मते तोच खरा प्रश्न आहे.

चार्ली चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ १९३१ साली आला. बोलपटांचा जमाना सुरू झाला होता, तरी चॅप्लिनने यात संवाद घेतले नाहीत. सुरुवातीलाच शहरातली प्रतिष्ठित मंडळी शांती आणि समृद्धीच्या स्मारकाचे अनावरण करतात. भाषणांच्या जागी नुसती पिपाणी वाजते. पडदा वर जातो, तर पुतळ्याच्या मांडीवर एक बेघर माणूस झोपलेला!

हाच बेघर माणूस पुढे जीव द्यायला निघालेल्या एका कोट्यधीशाला वाचवतो. दारूच्या नशेत कोट्यधीश त्याला मिठी मारतो, घरी नेतो, मोटारसुद्धा देऊन टाकतो. नशा उतरली की ओळखही दाखवत नाही. अंध फुलवालीच्या डोळ्यांच्या उपचारासाठी नशेत दिलेले हजार डॉलर त्याला नंतर आठवत नाहीत. गरीब चोर ठरतो आणि तुरुंगात जातो.

हा कोट्यधीश दुष्ट नाही. तो प्रेमळ आहे, पण लहर असेपर्यंत. चॅप्लिनला हे पुस्तकातून कळले नव्हते. वयाच्या सातव्या वर्षी तो लंडनच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांना ठेवण्याच्या सरकारी आश्रयगृहात, दाखल झाला होता. दान देणाऱ्याचा चेहरा त्याने खालून पाहिला होता.

त्याच वर्षी सप्टेंबरात चॅप्लिन लंडनमध्ये गांधीजींना भेटला. त्या भेटीचा फोटो सगळ्यांनी पाहिला आहे. पण त्याच दिवसांत, त्याच शहरात, दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेबही होते. अस्पृश्यांसाठी ते दया मागत नव्हते, स्वतंत्र राजकीय हक्क मागत होते. वरच्यांच्या सदिच्छेवर आपल्या माणसांचे भवितव्य सोपवायला ते तयार नव्हते. का, ते त्या कोट्यधीशाकडे पाहिले की समजते.

वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हेच पाहतो. १४ एप्रिलला मिरवणुकीत खांद्यावर हात टाकणारा पुढारी, पाण्याच्या नळाचा अर्ज घेऊन गेलो की विचारतो, “आपण कोण?”

तरुण मित्रांनो, हा सिनेमा जरूर पाहा. पोट धरून हसा. पण नशेत मिळालेली मोटार शुद्धीत परत घेतली जाते, हेही लक्षात ठेवा. हक्क लेखीच लागतो.