म्हैसूर बंद, उद्यमनगर चालू

1996 साली म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना बंद पडला आणि येझदी मोटारसायकलीला कंपनीच उरली नाही. डीलर गेले, मूळ पार्टांचा पुरवठा गेला. तरी कोल्हापूरच्या रस्त्यांवर येझद्या पुढं वर्षानुवर्षं धावत राहिल्या. त्या ज्यांनी धावत्या ठेवल्या, त्यांची नोंद कंपनीच्या कुठल्या कागदात सापडायची नाही. म्हणून हे लिहितो आहे.

मी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होतो. उसाच्या नोंदी घेत करवीर, कागल, राधानगरीची शिवारं पालथी घालायची, चिखलातनं, ओढ्यातनं. माझी येझदी रोडकिंग त्यासाठीच होती.

या गाडीचं मूळ चेकोस्लोव्हाकियातलं. रुस्तम आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांच्या पाठबळावर 1961मध्ये जावा मोटारसायकल म्हैसुरात बनवायला सुरुवात केली. सत्तरच्या दशकात तिची येझदी झाली. 250 सीसी, टू-स्ट्रोक, सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. किकचा दांडा खाली वळवला की तोच गिअरचा दांडा. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. पेट्रोलमध्ये लिटरला 40 मिली ऑइल मिसळायचं आणि निघायचं. एवढं उघडं यंत्र नजर असलेल्या पोराला एखाद्या वर्षात पाठ व्हायचं. ठिणगी निळी पडते की तांबडी, यावरून तो पॉइंटचं दुखणं सांगायचा.

कंपनी जिवंत होती तेव्हाही डीलरचं सुख नव्हतंच. गाडी सोडून जा, आठवड्यानं या, पार्ट आला तर बघू. गळीत हंगामात आठवडाभर पायी कोण फिरणार? तिथली पावती हातात घेऊन मी कितीदा तरी चरफडत बाहेर पडलोय. मग सहकाऱ्यांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरची, तिथल्या औद्योगिक वसाहतीची, वाट दाखवली.

शिवाजी उद्यमनगर मोटारसायकलींसाठी वसलेलं नव्हतं. उसाला पाणी लागतं, पाण्याला पंप लागतो आणि गावात वीज यायच्या आधी तो पंप ऑइल इंजिनावर चालायचा. त्या इंजिनांपायी इथं फौंड्र्या, लेथ, बोअरिंग मशिनं उभी राहिली. हा मुलूखच दुरुस्तीतून कारखानदारीकडं गेलेला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888मध्ये बेळगावात सायकलींच्या विक्री-दुरुस्तीचं दुकान काढलं. लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी त्यानंतरची. इंजिनाचा सिलिंडर बोअर करणाऱ्या टर्नरला येझदीचा सिलिंडर म्हणजे किरकोळ काम होतं.

उद्यमनगरातले आमचे मिस्त्री हेड उतरवून बोट सिलिंडरच्या आत फिरवायचे. वरच्या बाजूला, रिंगा जिथवर चढतात तिथं, कड लागली की म्हणायचे, "झिजलाय साहेब, बोअर करायला पायजे." सिलिंडर पलीकडच्या शेडमध्ये जायचा, पाव मिलिमीटरनं मोठा होऊन यायचा, त्यात तेवढाच मोठा पिस्टन बसायचा. दर खेपेला पाव मिलिमीटर. भिंत फारच पातळ झाली की आत नवी स्लीव्ह ठोकायची आणि पुन्हा पहिल्या मापापासून सुरुवात. सायलेन्सरच्या नळ्या बाहेर काढून, जाळून, त्यांतला कार्बन झाडायचं काम हाताखालच्या पोराकडं असायचं. बहुतेकांचं शिक्षण तिथूनच सुरू व्हायचं.

1996 नंतर या माणसांची खरी कसोटी लागली. पिस्टन पिनचा बुश मिळेना, तेव्हा टर्नरनं जुना झिजलेला बुश समोर ठेवून ब्राँझच्या दांड्यातून नवा काढला. झीज किती झाली असेल ते तो मनात धरायचा आणि मूळ माप काढायचा. माझ्या मते ही इंजिनिअरिंगच होती, आणि तिला जुगाड म्हटलेलं मला खपत नाही.

पुढं माझ्याकडं फ्युएल इंजेक्शनची गाडी आली. 1 एप्रिल 2020 पासून धुराचे बीएस-सहा निकष लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींमधला कार्ब्युरेटर जवळजवळ संपला. धूर कमी व्हायलाच हवा होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझी ही गाडी चालता चालता बंद पडायला लागली. शोरूमनं आधी प्लग बदलला, मग पेट्रोल पंप, शेवटी सांगितलं की अख्खी वायरिंग बदलावी लागेल. काय बिघडलंय, हे मात्र कुणी सांगितलं नाही. मिस्त्रींचा नातू आता त्याच गाळ्यात बसतो. त्यानं स्वतःच्या पैशानं घेतलेला स्कॅनर जोडला, टाकी उचलली आणि एक हिरवट गंजलेला कनेक्टर दाखवला. घासून, ग्रीस लावून बसवला. गाडी चालू.

वायरिंगचा नकाशा मात्र कंपनी त्याला देत नाही. गाडी अशी त्याच्यापुढं बंदिस्त ठेवणं हा तंत्राचा नाइलाज नाही, तो घेतलेला निर्णय आहे. भारतीय स्पर्धा आयोगानं 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला, तो याच कारणानं: सुटे भाग, तपासणीची साधनं आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळत नव्हती. कंपन्या अपिलात गेल्या. त्या खटल्यात दुचाकी नव्हत्या. 2022मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल काढलं, त्यात वाहन क्षेत्र घेतलं. सक्तीचा कायदा मात्र त्याबरोबर आला नाही.

मी हे सगळं त्या पोराला सांगितलं. हातातला कनेक्टर खाली न ठेवता तो म्हणाला, "काका, फुकट कोण मागतंय? वायरिंगचा नकाशा इकत द्या म्हणावं. पैसं मोजतो की."