ल्यूबेकचा मध्ययुगीन इतिहास
ल्यूबेक हे उत्तर जर्मनीतील त्राव्ह नदीवरील, बाल्टिक समुद्रानजीकचे बंदर. येथील जुनी स्लाव्ह वसाहत ११३८ मध्ये उद्ध्वस्त झाल्यावर हॉलस्टाइनचा काउंट दुसरा आडॉल्फ याने ११४३ मध्ये जवळच नवे नगर वसविले. ते आगीत भस्मसात झाले, तेव्हा सॅक्सनीचा ड्यूक हेन्री द लायन याने ११५९ मध्ये त्याची पुनर्स्थापना केली. १२०१ पासून सु. पंचवीस वर्षे ते डेन्मार्कच्या अंमलाखाली होते. सम्राट दुसरा फ्रीड्रिख याच्या १२२६ च्या सनदेने नगर थेट सम्राटाच्या अधीन आले व सरदारांच्या सत्तेतून मुक्त झाले.

ल्यूबेकच्या वैभवाचे मूळ मीठ व हेरिंग मासे यांत होते. उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असल्याने ख्रिस्ती यूरोपात माशांना मोठी मागणी असे. दक्षिण स्वीडनच्या स्कोने किनाऱ्यावर हेरिंग विपुल मिळत; पण ते लवकर नासत आणि तेथे पुरेसे मीठ नव्हते. ल्यूनबुर्ग येथे खारे पाणी आटवून काढलेले मीठ ल्यूबेकच्या व्यापाऱ्यांनी या किनाऱ्यावर पोहोचविले. प्रथम ते खुष्कीच्या मार्गाने येई; १३९८ मध्ये श्टेकनित्स कालवा पूर्ण झाल्यावर नावांनी येऊ लागले. हॅन्सिॲटिक संघाचे नेतृत्व साहजिकच ल्यूबेककडे आले. डेन्मार्कचा राजा चौथा व्हाल्डेमार याच्याविरुद्धच्या युद्धानंतर श्ट्रालझुंडच्या तहाने (१३७०) संघाला स्कोने किनाऱ्यावरील किल्ले व तेथील महसुलाचा दोनतृतीयांश वाटा पंधरा वर्षांसाठी मिळाला. बाल्टिक किनाऱ्यावरील अनेक नगरांनी ल्यूबेकचा कायदा स्वीकारला. वादग्रस्त खटल्यांत ती ल्यूबेकच्या नगरसभेकडे निर्णय मागत. तहापेक्षाही हा अधिकार अधिक टिकाऊ ठरला.

तथापि नगराचे स्वातंत्र्य सर्व नागरिकांच्या वाट्यास आले नाही. याच कायद्यानुसार कारागिरांना नगरसभेचे सदस्यत्व मिळत नसे; तेथे धनिक व्यापारी कुटुंबांचे वर्चस्व होते. युद्धांचा व बांधकामांचा करभार मात्र सर्वांवर पडे. १३८४ मध्ये खाटकांचा उठावाचा कट उघडकीस येऊन मोडून काढण्यात आला. पुढे कर्जबाजारी नगरसभेने नवे कर बसवू पाहताच १४०५ मध्ये साठ नागरिकांची समिती स्थापन झाली. तिने हिशेब मागितले व नगरसभेच्या निवडणुकीत वाटा मागितला. १४०८ मध्ये बहुतेक सभासद शहर सोडून गेले व कारागिरांचा समावेश असलेली नवी सभा अधिकारावर आली. परागंदा सभासदांचा नेता महापौर योर्डान प्लेस्को याने सम्राटाकडे दाद मागितली. स्वतःच्या घरातही अशीच बंडे होतील, या भीतीने संघातील इतर नगरांनीही नव्या सभेस साथ दिली नाही. अखेर १४१६ मध्ये जुनी सभा पुनःस्थापित झाली.

त्यानंतरच्या शतकातही नगर समृद्धच राहिले. होल्स्टेनटोर हे भव्य विटांचे प्रवेशद्वार १४७८ मध्ये पूर्ण झाले. १४९४ मध्ये मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने नॉव्हगोरॉड येथील संघाची वखार बंद केली, तेव्हा पूर्वेकडील व्यापारास मोठा धक्का बसला.